धाकट्या गाडीचे वजन

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत दोन वर्षांपूर्वी आषाढात ॲल्युमिनियमची एक पेटी ठरलेल्या वजनापेक्षा दोन किलो तीनशे ग्रॅमने कमी भरली. ही बाब प्रथम वजनकाट्याच्या निदर्शनास आली आणि काट्याने ती कुणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय जाहीर केली. काट्याला बढतीची अपेक्षा नसते, त्यामुळे तो असा बेजबाबदारपणे खरे बोलू शकतो.

पेटी एका अमेरिकन पळाऊ गाडीच्या गिअरबॉक्सची होती. तिला हलकी करणारे गृहस्थ म्हणजे फौंड्रीचे मुख्य पॅटर्न-मिस्त्री आकाराम सुतार. धातू वाळूच्या साच्यात ओतायचा तर आधी वाळूत ठसा उठवायला लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. आकाराममिस्त्री चौतीस वर्षे असे नमुने घडवत होते. अलीकडे लाकूड यंत्रच कोरते, पण त्यावर शेवटचा हात मिस्त्रींचाच फिरे, आणि तो फिरताना त्यांची मान 'यंत्राला काय कळतंय' अशा अर्थाने हलत असे. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते.

या पेटीच्या आतल्या फासळ्या त्यांनी फणसाच्या पानावरच्या शिरांसारख्या काढल्या होत्या. बळ तेवढेच, धातू कमी. काम झाल्यावर त्यांनी एका कोपऱ्यात तीन बारीक ठिपके ठोकले. त्यांचे वडील नांगर घडवला की त्याच्या मुठीवर असे तीन ठिपके ठोकत. मिस्त्रींनी मात्र चौतीस वर्षांत ते कुठेच ठोकले नव्हते. पाण्याच्या पंपावर कशाला सही करायची, असे त्यांचे म्हणणे.

"एकच इच्छा हाय," ते तेजस्वी पाटीलला म्हणाले. तेजस्वी ही गुणवत्ता विभागातली इंजिनिअर. इंग्रजी चांगले असल्यामुळे अमेरिका आणि शिरोली यांच्यातला सगळा संवाद तिच्याच तोंडून होई. "रिटायर व्हायच्या आत ही पेटी रस्त्यावर पळाली पायजे. मग मी मोकळा."

"पळणार की, मिस्त्रीकाका. एवढी झकास झालीय."

झकास होणे हाच पुढे तक्रारीचा विषय होईल, हे तेजस्वीच्या अभ्यासक्रमात नव्हते.

गाडी बनवणाऱ्या बेल्डन मोटर्स या कंपनीचे दोन विभाग होते. थोरल्या विभागाची 'रीजेंट' ही गाडी सत्तर वर्षे चालत आलेली. कंपनीच्या प्रत्येक अध्यक्षाने तरुणपणी ती घेण्याचे स्वप्न पाहिले होते आणि म्हातारपणी ती कंपनीकडून फुकट मिळवली होती. धाकट्या विभागाची 'कोयोटी' अजून बाजारात यायची होती. दोघींचे मालक एक, आवार एक, दरवाजा एक, आणि बोलणे बंद. फौंड्रीतल्या लोकांना हा सगळा प्रकार इतका ओळखीचा वाटला की त्यांनी दोघींना सरळ थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली.

धाकटीच्या मुख्य इंजिनिअर कार्लसनबाई. पेटी आटोपशीर झाल्यामुळे त्यांना इंजिन चार बोटे मागे सरकवता आले, गाडीचा तोल असा काही साधला की चाचणीच्या धावपट्टीवर धाकटीने थोरलीला एका फेरीत दीड सेकंदाने मागे टाकले. त्याच दिवशी कार्लसनबाईंची दोन ओळींची मेल आली. पहिल्या ओळीत आभार होते. दुसरीत एक प्रश्न होता : आतले तीन ठिपके कुणाचे?

तेजस्वीने मेल वाचून दाखवली तेव्हा मिस्त्रींनी चष्मा काढून उगाचच पुसला. "बघितलं वाटतं बाईनं," एवढेच म्हणाले. चौतीस वर्षे मान खाली घालून काम करणाऱ्या माणसाला आपल्याला कुणीतरी बघितले असे वाटणे फार घातक असते. त्या दिवसापासून त्या पेटीत त्यांचा जीव अडकला.

फौंड्रीचे मालक सयाजीराव यांनी पेढे मागवले. पेढे सगळ्या खात्यांत पोचायच्या आत दुसरी मेल आली आणि तातडीची बैठक ठरली.

पडद्यावर पलीकडे अकरा माणसे बसली होती. मधोमध श्री. प्रेंटिस होते. ते 'अंतर्गत सलोखा' या खात्याचे उपाध्यक्ष. कंपनीचे दोन विभाग एकमेकांशी भांडत असल्यामुळे हे खाते काढले होते, आणि ते थोरल्या विभागाच्या इमारतीत होते.

तेजस्वी भाषांतर करू लागली. "ते म्हणतायत, पेटी फारच उत्तम झाली आहे, आणि त्याबद्दल त्यांना तीव्र चिंता वाटते."

"चिंता? फुटली का काय?" मिस्त्री दचकले.

"फुटली नाही, हीच चिंता आहे म्हणे."

पुढे प्रेंटिससाहेब बराच वेळ बोलले. कंपनीचे एक धोरण होते, एकशे चाळीस पानांचे. त्यात प्रतिमा-संवर्धन होते, श्रेणीबद्ध आकांक्षा होत्या, एका ठिकाणी आलेखही होता. तेजस्वी भाषांतर करता करता घामाघूम झाली. मिस्त्रींनी शेवटी हात वर केला.

"थोरल्याच्या म्होरं धाकट्यानं जायाचं न्हाय. येवडंच की?"

तेजस्वीने ते इंग्रजीत सांगितले. प्रेंटिससाहेब हळूच पुढे वाकले. सहा सल्लागार संस्थांनी अकरा वर्षे खपून लिहिलेले धोरण, ते म्हणाले, आजवर कुणी एका वाक्यात सांगू शकले नव्हते. हे वाक्य मुखपृष्ठावर छापायला परवानगी मिळेल का?

"छापा की," मिस्त्री म्हणाले. "त्यात काय. आमच्यात पोराला बोलाय यायच्या आधी कळतंय ते."

सयाजीरावांनी जोरजोरात मान हलवली. त्यांना हे धोरण ऐकताक्षणी पटले होते. त्यांचे धाकटे बंधू विश्वजित जर्मनीत धातुशास्त्र शिकून आले होते, आणि म्हणूनच त्यांच्याकडे कॅन्टीन होते.

मिस्त्रींना मात्र एक शंका आली. "पावण्यांना इचार पोरी, धाकटीला मागं वढण्यापरास थोरलीलाच जरा पळवा की."

हे भाषांतर ऐकून अकरांपैकी दोघांनी आपापला कॅमेरा बंद केला. प्रेंटिससाहेबांनी खुलासा केला, की असा प्रस्ताव पूर्वी एकदा आला होता. परंतु थोरलीला सुधारायचे म्हणजे ती आधी कमी होती असे मान्य करावे लागेल. ज्याने प्रस्ताव आणला तो आता कंपनीत नाही.

ठराव झाला. पेटीवर मागच्या बाजूला सात किलोचा धातूचा गोळा वाढवायचा. कागदोपत्री त्याचे नाव 'सलोखा-भार' असे ठेवण्यात आले.

मिस्त्रींनी दोन दिवस पॅटर्नला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सयाजीराव स्वतः आले. "मिस्त्री, गिऱ्हाईक म्हणतंय गोळा लावा, तर गोळा लावायचा. आपल्याला काय, वजनावर तर पैसे हायत."

"बाळातनीला सोन्यासारखं पोर झालं म्हणून पोराला दगूड बांधत्यात व्हय, मालक?"

"बांधत्यात की," सयाजीराव सहज म्हणाले. "फकस्त दुसरं पोर आसलं तर."

गोळा लागला. मिस्त्रींनी तीन ठिपके तेवढे वाचवले. गोळ्यासह पेटी अमेरिकेला गेली आणि दोन आठवड्यांनी निकाल आला. सात किलो मागच्या चाकांवर आल्यामुळे चाके वळणावर रस्त्याला चिकटून राहू लागली होती. धाकटी आता दीड नव्हे, तर एक सेकंद नव्वद शतांशाने पुढे होती.

दुसरी बैठक झाली. या वेळी पलीकडे एकोणीस माणसे होती. थोरल्या विभागाने असा आरोप केला, की गोळा मुद्दाम चांगला बनवण्यात आला. मिस्त्रींनी तो नाकारला नाही. "काम वंगाळ करा म्हणून सांगाय पायजे हुतं. आमाला आपलं काम सांगितलं, आमी केलं." त्यावर 'निकृष्टतेचे निकष' निश्चित करण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. तिच्या अहवालानुसार धाकटीच्या हवेच्या नळीत एक आवळकडी बसवायची ठरली. हवा कमी मिळेल, इंजिनाला धाप लागेल. ही कडीसुद्धा शिरोलीतच ओतायची होती.

कडी बसली. धाकटीला धाप लागली, आणि धाप लागलेले इंजिन पेट्रोल कमी पिऊ लागले. मोटारींच्या एका मासिकाने बातमी छापली की बेल्डन मोटर्स कमी पेट्रोलवर धावणारी पळाऊ गाडी आणत आहे. गाडी बाजारात यायच्या आधीच तिच्यासाठी तिप्पट नोंदणी झाली. थोरलीच्या नोंदणीतले लोकही आपली नावे काढून धाकटीकडे वळले.

गाडी खराब करण्याचे इतके सगळे प्रयत्न वाया गेलेले पाहून प्रेंटिससाहेब स्वतः कोल्हापूरला आले.

साहेबांना विमानतळावरून आणायला फौंड्रीची गाडी जाणार होती, ती नेमकी गॅरेजला. मग मिस्त्रींनी आपल्या धाकट्या भावाला, ईश्वराला, फोन केला. ईश्वराचा मॉड्युलर किचनचा धंदा होता आणि तो इतका बरा चालला होता की याबद्दल घरात बोलणे होत नसे. त्याच्याकडे नवी पांढरी चारचाकी होती. थोरल्या भावाकडे स्कूटर होती, म्हणून ईश्वरा चारचाकी नेहमी मिस्त्रींच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीच्या तोंडाला लावून पुढे चालत येई. तसाच तो साहेबांना चालवत घेऊन आला. त्याआधी वाकडी वाट करून कसबा बावड्याला त्याने आपल्या घरी साहेबांना चहाही पाजला होता.

मिस्त्रींच्या घरी जेवणाची ताटे मांडली होती. मिस्त्रींच्या पत्नी शालूबाई वाढत होत्या. तेजस्वी साहेबांच्या शेजारी, भाषांतराला.

"पावणं, लाजायचं न्हाय हं," शालूबाई रस्सा वाढत म्हणाल्या. "तिकडं काय पानाफुलावर काढत आसतील दिस."

साहेबांनी पहिल्या घासानंतर डोळे पुसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि विचारले, "यांच्या बावड्याच्या घराच्या गच्चीवर लोखंडी शिंगे कसली आहेत?"

ईश्वराने ताटातल्या भाकरीकडे पाहिले. मिस्त्रींनी हसून उत्तर दिले. "शिंगं न्हवं, सळया हायत. खांबाच्या. ह्यो वर तिसरा मजला घेणार हुता."

"मग?"

"माझं घर दुमजली हाय."

तेजस्वीने याचे भाषांतर केल्यावर साहेब पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. पुढचे वाक्य नव्हते.

"म्हणजे तसा कायदा आहे?" त्यांनी शेवटी विचारले.

"कायदा कशाला? कायदा आसता तर त्यानं कवाच मोडला आसता."

"तुम्ही यांना मनाई केली?"

"छ्या! मी कशाला न्हाय म्हणू?" मिस्त्री दुखावल्या सुरात म्हणाले. "इचार त्येलाच."

"आण्णा कधीच न्हाय म्हटलं न्हाईत," ईश्वरा म्हणाला. "मी इचारलंच न्हाय."

"सहा वर्सं झाली इचारलं न्हाय त्याला," शालूबाई भाकरी टाकत म्हणाल्या. "सळया गंजल्या. ह्येच्या पोराचं, पृथ्वीराजाचं लगीन आडलंय. पोरीकडची माणसं येत्यात, गच्चीकडं बघत्यात, आन् काम आर्धं टाकणारी माणसं दिसत्यात म्हणून चा पिऊन जात्यात."

"तू वाढ," मिस्त्री म्हणाले.

प्रेंटिससाहेबांनी हात धुतला नव्हता, तरी डाव्या हाताने वही काढली. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या तीर्थक्षेत्री आल्याचा भाव होता. आम्ही साठ वर्षे, ते म्हणाले, वजने वाढवली, नळ्या आवळल्या, समित्या नेमल्या. आणि इथे एका शब्दाशिवाय धाकट्याची वाढ छपराशी थांबते. हे साधता तरी कसे?

आता कुणी इतक्या आदराने विचारल्यावर मिस्त्रींनी काय करावे? दिवस त्यांचा होता, रस्सा त्यांचा होता, अमेरिका समोर पाटावर बसली होती. ते खुलले.

"ल्हानपणापास्नं सवय लावाय लागती, सायेब. ह्येला लग्नापतोर नवं कापड म्हाईत न्हवतं. माझी शाळेची प्यांट, माझी सायकल, माझ्या चपला. समदं माझं वापरून झाल्यालं ह्येला. मी उंच, ह्यो ठेंगणा. दुसऱ्याच्या मापाच्या चपला घातल्यावर माणूस पळंल कसा?"

"आन् पुस्तकं," ईश्वरा हळूच म्हणाला. "गाळलेल्या जागा आधीच भरल्याल्या आसायच्या. चुकीच्या."

सगळे हसले. ईश्वराही हसला. प्रेंटिससाहेब हसले नाहीत. ते लिहीत होते. तेजस्वीने त्यांच्या वहीत डोकावून पाहिले आणि तिचा घास हातातच राहिला. पण तोवर शालूबाईंनी भाताचे पातेले आणले होते आणि साहेबांना आग्रह सुरू झाला होता.

पंधरा दिवसांनी बेल्डन मोटर्सचे 'वारसा-सहभाग धोरण' जाहीर झाले. यापुढे धाकटीत जे काही बसेल ते थोरलीत वापरून झालेलेच असले पाहिजे. स्प्रिंगा थोरलीने दहा वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या. ब्रेक त्याआधीचे. गिअरबॉक्सची पेटी तर पंचवीस वर्षांपूर्वीची, चोवीस किलोची. ती थोरलीच्या मापाची असल्यामुळे धाकटीत बसेना, म्हणून इंजिन पुन्हा चार बोटे पुढे सरकवण्यात आले. शिरोलीच्या पेटीची मागणी रद्द. सोबत एक मानपत्र होते, चौकटीसह. 'सदर धोरणाची मूळ संकल्पना कोल्हापूरचे श्री. आकाराम सुतार यांची असून कंपनी त्यांची ऋणी आहे.'

"मिस्त्रीकाका," तेजस्वीने ते वाचून झाल्यावर विचारले, "मी आता अभिनंदन करू का काय करू?"

मिस्त्रींनी मानपत्र उलटे करून चौकटीचे लाकूड पाहिले. "कोपऱ्याचा जोड बी धड जुळवल्याला न्हाय," म्हणाले.

त्यांनी एक प्रयत्न केला. आयुष्यात कधी नव्हे ते तेजस्वीला पत्र सांगितले. पेटीचे वजन पाहिजे तर पुन्हा वाढवतो, फासळ्या पाहिजे तर जाड करतो, पण पेटी हीच ठेवा, एवढीच विनंती. उत्तर कार्लसनबाईंकडून आले. त्यांची बदली झाली होती. गाड्यांच्या रंगांना नावे देणाऱ्या खात्यात आता त्या होत्या. राखाडीच्या नव्या छटेला 'तीन ठिपके' हे नाव सुचवले होते, पण थोरल्या विभागाने हरकत घेतली, असे त्यांनी कळवले होते.

करारात एक कलम होते : रद्द झालेला पॅटर्न नष्ट करायचा आणि नष्ट करतानाचे चित्रीकरण पाठवायचे. धनत्रयोदशीच्या दिवशी पॅटर्न शॉपच्या बाहेर सगळे जमले. सयाजीराव म्हणाले, "मिस्त्री, तुमी आत जावा. दुसरा कोणतरी घाव घालंल."

"दुसऱ्यानं का? त्येला कुटं जोड हाय ते म्हाईत हाय का? उगाच तुकडंतुकडं करंल." मिस्त्रींनी कुऱ्हाड हातात घेतली. "लाकूड कसं जोडावरनंच सुटाय पायजे."

तीन घावांत पॅटर्न व्यवस्थित फुटला. फुटण्यातही कुठे ढलपी उडाली नाही. तेजस्वीने फोनवर चित्रीकरण केले. ते अमेरिकेत पोचल्यावर हलते आहे म्हणून परत आले. पॅटर्न पुन्हा फोडता येत नसल्यामुळे तेवढ्यावर भागवण्यात आले. तीन ठिपक्यांचा कोपरा मिस्त्रींनी खिशात टाकला. करारात त्याविषयी कलम नव्हते.

धाकटी गाडी हिवाळ्यात बाजारात आली. जड, दमेकरी, वळणावर दरवाज्यासारखी उघडणारी. नोंदणी केलेल्यांनी ती एकदा चालवून नोंदणी मागे घेतली. तीन महिन्यांत कंपनीने तिचे उत्पादन बंद केले आणि पत्रकात लिहिले की ग्राहकांना अशी गाडी नको होती. ग्राहकांना जी हवी होती, ती गाडी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. थोरली पुन्हा एकटी पहिली आली. मागे कुणी नसले की पळायचे कारण उरत नाही, म्हणून पुढच्या वर्षीची थोरली आणखी थोडी हळू निघाली. आणि मग एका रविवारच्या शर्यतीत दुसऱ्याच एका कंपनीची गाडी थोरलीच्याही पुढून निघून गेली. तिला थांबवायचा अधिकार अंतर्गत सलोखा खात्याला नव्हता. ती अंतर्गत नव्हती.

ही शेवटची बातमी तेजस्वीने फोन करून सांगितली तेव्हा मिस्त्री निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांनी ती पूर्ण ऐकली, चपला घातल्या आणि स्कूटर काढून कसबा बावड्याला गेले.

ईश्वरा गच्चीवर होता. सळयांना दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घातले होते. साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा वास येत होता. मिस्त्रींनी खिशातून तो कोपरा काढला आणि भावाच्या हातावर ठेवला.

"दादांचं ठिपकं," ईश्वरा म्हणाला. त्याने वडिलांचे ठिपके चाळीस वर्षांनी पाहिले होते.

"माझी पेटी चांगली हुती म्हणून मारली रं. वाईट आसती तर आज पळत आसती."

"व्हय आण्णा."

"आन् मारली कुणी? भायेरच्यानं न्हाय. घरच्यांनीच."

"व्हय आण्णा."

"बरं, तिला आडवून थोरली काय म्होरं गेली? जिथल्या तिथंच. आन् शेवटी तिसराच कोणतरी दोघींच्या नाकावर टिच्चून गेला. कुणाचं भलं झालं सांग."

ईश्वराने एका सळईवर हात ठेवला होता. तो काढला तेव्हा तळवा तांबडा झाला होता. सहा वर्षांत जे जमले नाही ते त्या तांबड्या तळव्याने केले. त्याने विचारले.

"आण्णा, मग टाकू स्लॅब?"

मिस्त्रींनी सळयांकडे पाहिले. मग खाली रस्त्याकडे, मग लांब, जिकडे शिवाजी पेठ होती तिकडे. वर्षभराचे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावे. निदान तेवढा वेळ त्यांनी घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"टाक की," ते म्हणाले. "आडवलंय कुणी तुला?"

ईश्वरा वाकून पाया पडला. मिस्त्रींनी त्याला उठवले, पाठीवर थाप मारली, आणि खिशातून घडीची पट्टी काढली. निवृत्त झाले म्हणून ते ती काही घरी ठेवत नसत.

"उंची किती धरलीयास?"

"धा फूट."

"धा?" मिस्त्रींनी पट्टी उघडली, सळईला लावली, वर पाहिले. "माझी वरची खोली नवाची हाय."

"मग नऊ धरू?"

"साडेसा धर."

"आण्णा, साडेसा?" ईश्वरा घुटमळला. "पंखा कसा बसंल?"

"टेबलफॅन घे. वारं सरळ अंगावर येतंय." मिस्त्रींनी पट्टी घडी करून खिशात टाकली. "समदं सलोख्यानं ऱ्हातंय मग."

मजला झाला. पोरीकडची माणसे आली, त्यांनी खालूनच मजले मोजले, तीन भरले, आणि पृथ्वीराजाचे लग्न ठरले. पोरगा पाच फूट अकरा इंचाचा आहे, आणि साडेसहातले दहा इंच स्लॅबखालच्या तुळयांनी खाल्ले आहेत. नवी सून आल्यापासून त्या खोलीत सगळे मान खाली घालूनच वावरतात. सोयऱ्यांत बोलबाला आहे, की सुतारांच्या धाकट्या पातीची माणसे फार नम्र.

हे वाचता वाचता तुम्हाला तुमचा थोरला भाऊ आठवला असेल. नाहीतर ऑफिसातला तो साहेब, ज्याने तुमचे काम चांगले झाले म्हणून दुसऱ्या टेबलावर पाठवले. आणि 'अगदी अस्संच झालं होतं' म्हणून तुम्ही जोरात मान हलवली असेल. मान अशी मोकळी हलते आहे, त्या अर्थी तुमच्या डोक्यावरचे छत चांगले दहा फुटांवर आहे. ज्याचे छत तुम्ही साडेसहावर आणलेत तो काही आठवला नसेल. राहू द्या. धाकटा आठवायची आपल्यात रीत नाही.